‘पक्के’ छप्पर : टिकाऊपणाच्या रूढ कल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

पर्यावरणपूरक बांधकामाविषयी गेल्या दोन दशकांत पुष्कळ लिहिले गेले. त्या लेखनात छपराचा विचार बहुधा साहित्याच्या अंगाने होतो. कौल बरे की काँक्रीट, पत्रा स्वस्त की स्लॅब, गच्चीवर हिरवळ लावावी की सौर पटले बसवावीत, असे त्या चर्चेचे स्वरूप असते. या प्रश्नांच्या आधी येणारा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. एखादे छप्पर टिकाऊ आहे असे आपण म्हणतो, ते नेमके कशाच्या आधारावर? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा महाराष्ट्रातील छपरांच्या संदर्भात केली आहे. टिकाऊपणा हा साहित्याच्या अंगचा गुण नाही. छप्पर उघडून पाहता येणे, त्याचा बिघडलेला भाग तेवढाच काढता येणे आणि ते काम करणारे हात गावात असणे, या तीन गोष्टींवर तो अवलंबून असतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. या प्रतिपादनाला छेद देणारे एक मोठे उदाहरण मराठवाड्यात घडले आहे. त्याचाही विचार पुढे केला आहे.

‘कच्चे’ आणि ‘पक्के’

शासकीय दप्तरात घरांची विभागणी कच्चे आणि पक्के अशी होते. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत छपराचे साहित्य नोंदवण्यासाठी जी वर्गवारी होती, तीत गवत, बांबू, लाकूड, माती ही साहजिकच कच्च्या बाजूला होती. हाताने घडवलेली कौलेही त्याच बाजूला होती. यंत्रावर केलेली कौले, दगड, विटा, काँक्रीट आणि लोखंडी वा ॲस्बेस्टॉसचे पत्रे हे सारे पक्के ठरले. पुढे २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागासाठी लाभार्थ्यांची निवड याच गणनेच्या आधारे झाली. त्यामुळे ही वर्गवारी केवळ संख्याशास्त्रापुरती राहिली नाही. कोणाला घर मिळणार आणि ते घर कसे दिसणार, हे तिने बऱ्याच अंशी ठरवले.

या वर्गवारीतील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. कुंभाराने घडवलेल्या नळीच्या कौलांचे घर कच्चे आणि मे महिन्यात भट्टीसारखे तापणारे, वादळात सहज उडणारे पत्र्याचे घर पक्के. कारखान्यातून आलेली वस्तू टिकाऊ आणि गावात घडलेली वस्तू तात्पुरती, हे गृहीतक त्यामागे आहे. योजनेच्या आराखड्यातील पक्क्या घराची व्याख्या त्या मानाने अधिक समंजस आहे. वाजवी देखभाल केली असता किमान ३० वर्षे नित्याचा वापर व निसर्गाचा मारा सोसू शकेल ते घर पक्के, असे ती म्हणते. यातील ‘वाजवी देखभाल’ हे दोन शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि अंमलबजावणीत सर्वांत आधी तेच गळून पडले आहेत.

कोकणातील शाकारणी

कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे हा वर्षाच्या कामांतील एक ठरलेला भाग होता. कौले उतरवावयाची, झाडावयाची, फुटलेली बाजूला काढावयाची, वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहावयाचे, कुजलेल्या रिपा बदलावयाच्या आणि पुन्हा ओळीने कौले चढवावयाची. या कामाकडे आपण आजवर गृहिणीच्या साठवणीच्या कामांसारखे, हंगामी लगबगीचा एक प्रकार म्हणून पाहिले. स्थापत्याच्या दृष्टीने ती छपराची वार्षिक तपासणी होती. छपराचा प्रत्येक घटक वर्षातून एकदा माणसाच्या हाताखालून जाई. शे-दीडशे वर्षे उभी असलेली कौलारू घरे कोकणात आजही आढळतात. त्यांतील कौले, रिपा आणि कित्येक वासे मूळचे नसतात, तरी छप्पर मात्र तेच असते.

या छपराविषयी बोलताना ‘परंपरा’ हा शब्द मात्र जपून वापरला पाहिजे. ज्याला आपण कोकणचे पारंपरिक कौल समजतो ते मंगलोरी कौल उद्योगयुगाचे अपत्य आहे. एकमेकांत खाचेने अडकणाऱ्या कौलाची कल्पना आल्सास प्रांतातील आल्टकिर्श येथील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये मांडली. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पश्चिम किनाऱ्यावर ही कौले समुद्रमार्गे पसरली. नळीच्या कौलांना त्यांनी मागे सारले, कारण ती हलकी होती, त्यांच्यावरून पाणी नीट वाहत असे आणि माकडाच्या उडीने ती तुलनेने कमी सरकत. परकी वस्तू असूनही ती येथे रुजली, कारण शाकारणीची रीत तिने मोडली नाही. कौल बदलले, पण गड्याने वर चढून ते हाताने लावणे तसेच राहिले. नव्या साहित्याला विरोध करण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. त्या साहित्याबरोबर कोणती कामाची रीत येते, हे पाहिले म्हणजे पुरे.

आज ही रीत क्षीण झाली आहे आणि त्याची कारणे भावनिक नाहीत. तरुण माणसे मुंबई-पुण्याला गेली. कौलांवर चढून काम करणारा जाणता गडी मिळत नाही, मिळालाच तर मे महिन्याच्या अखेरीस सर्वांना एकाच वेळी हवा असतो. वासे-रिपांचे लाकूड महागले. वानरांचा उपद्रव असा वाढला की एका दुपारी पन्नास-शंभर कौले फुटणे हे नवल राहिले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा रायगड व उत्तर रत्नागिरीत असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. नंतर आकाशाखाली बसलेल्या माणसाने स्लॅबचा विचार केला, तर त्याला पर्यावरणाचे पाठ देण्याचा अधिकार आपल्याला नाही. एक तांत्रिक बाब तेवढी नोंदवली पाहिजे. वाऱ्याचे उचलणारे बल छपराच्या कडा, कोपरे व आढ्याजवळ सर्वाधिक असते. तेवढ्या ओळी तारेने बांधल्या वा स्क्रूने आवळल्या तर उरलेली कौले बऱ्याच अंशी आपल्या जागी राहतात. हा उपाय स्वस्त आहे आणि एका दिवसात शिकवता येतो. वादळानंतरच्या मदतीत मात्र मुख्यतः पडलेल्या घरांचे पंचनामे व नुकसानभरपाईची रक्कम यांचाच विचार झाला.

स्लॅब : न दिसणारे आयुष्य

स्लॅबचे आकर्षण समजण्यासारखे आहे. तो चोराला, वानराला आणि वाऱ्याला दाद देत नाही. त्यावर धान्य-मिरच्या वाळवता येतात, पुढे मजला चढवता येतो आणि मुलीच्या सोयरिकीत ‘घर स्लॅबचे आहे’ हे सांगता येते. शेवटचा मुद्दा हलक्या विनोदाचा वाटला तरी ग्रामीण गृहनिर्माणाचा अभ्यास करणाऱ्याने तो दुर्लक्षू नये.

प्रश्न त्याच्या आयुष्याचा आहे. लोखंडाची सळई काँक्रीटमध्ये सुरक्षित राहते ती काँक्रीटच्या अल्कधर्मी स्वभावामुळे. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कता कमी करतो आणि किनाऱ्यालगत खारी हवा तेच काम क्लोराइडच्या वाटेने करते. सळई गंजू लागली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो व खालचे काँक्रीट पोपड्यांच्या रूपाने सुटू लागते. सळईला मिळणारे संरक्षण तिच्यावरच्या काँक्रीटच्या आवरणाच्या जाडीवर अवलंबून असते आणि हे नाते सरळ प्रमाणाचे नाही. अल्कता नष्ट होण्याची सीमारेषा साधारणतः काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकते. म्हणजे आवरण निम्मे केले तर सळईपर्यंत पोहोचण्याचा काळ निम्मा न होता सुमारे एक चतुर्थांश होतो. आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत सौम्य हवामानासाठी २० मिलिमीटर, तर किनारी हवामानासाठी ४५ मिलिमीटर आवरण व किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट सांगितले आहे. गावात मिक्सर आणून एका दिवसात ओतल्या जाणाऱ्या चार-पाच इंची स्लॅबमध्ये ४५ मिलिमीटर आवरण सोडले तर सळईसाठी उपयुक्त खोली किती उरेल, याचा हिशेब कोणीही मांडून पाहावा. सळईखाली ठेवावयाचे सिमेंटचे ठोकळे विसरणे, पाणी अधिक घालून काँक्रीट पातळ करणे, खाडीची न धुतलेली वाळू वापरणे हे दोष त्यावर वेगळे.

अशा स्लॅबचे मोठे वैगुण्य असे की त्याचे बिघडणे दिसत नाही. कौल फुटले की पहिल्याच सरीला थेंब पडतो आणि नेमके कोणते कौल ते कळते. स्लॅबमध्ये पाणी एका ठिकाणी शिरते, आतून प्रवास करते आणि भलतीकडेच ओल उमटते. पोपडे सुटतात तेव्हा सळई आधीच खाल्लेली असते. मग वरून विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर डांबरी वा रासायनिक थर, त्यावर पुन्हा थर असे उपाय सुरू होतात. प्रत्येक थर वजन वाढवतो आणि मूळ दोष आणखी झाकतो. मुंबई-ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांवर लोखंडी सांगाड्यावर पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या आहेत. कोकणातील नव्या बंगल्यांवरही आता त्या दिसतात. ज्या छपराला पावसापासून वाचवण्यासाठी वर दुसरे छप्पर लागते, त्याला पक्के म्हणण्याची आपली तयारी तरीही कमी झालेली नाही.

पर्यावरणीय खर्चाचा एक ढोबळ हिशेब मांडता येईल. योजनेतील किमान २५ चौरस मीटर क्षेत्राच्या घरकुलावर १०० मिलिमीटर जाडीचा स्लॅब घातला तर अडीच घनमीटर काँक्रीट लागते. त्याला सिमेंटची अंदाजे वीस पोती, म्हणजे सुमारे एक टन सिमेंट आणि दोनेकशे किलो पोलाद लागते. सिमेंटच्या प्रतीनुसार अर्धा ते पाऊण टन कार्बन डायऑक्साइड केवळ सिमेंटपोटी हवेत जातो. हे छप्पर साठ वर्षे टिकले तर हा खर्च समर्थनीय ठरेल. पंचवीस वर्षांत ते पाडावे लागले तर तो दुप्पट होतो आणि पाडलेला मलबा टाकावयाचा कोठे हा प्रश्न उरतो. टिकाऊपणा व पर्यावरणपूरकता हे दोन स्वतंत्र निकष नाहीत, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

उष्णतेचा मुद्दा थोडक्यात. ‘इको निवास संहिता’ (२०१८) या निवासी इमारतींच्या ऊर्जासंहितेने छपरातून होणाऱ्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.२ वॉट अशी ठेवली. उघड्या स्लॅबचा हाच आकडा तीनच्या वर जातो. मात्र ही संहिता ५०० चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या भूखंडावरील इमारतींसाठी लिहिली गेली. घरकुल तिच्या कक्षेत येत नाही. ज्याच्याकडे पंख्यापलीकडे दुसरे साधन नाही, त्याच्या डोक्यावरील छपरालाच उष्णतेचा निकष नाही.

किल्लारीचा धडा

दुरुस्त होणारे छप्पर चांगले, या प्रतिपादनाची खरी कसोटी मराठवाड्यात लागते. तेथील माळवद हे उष्ण व कोरड्या हवामानाला दिलेले अत्यंत समर्पक उत्तर होते. लाकडी खांब, तुळया व फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या वा खारवट मातीचा जाड थर. दिवसाची उष्णता त्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र होई आणि तोवर तिचा जोर ओसरलेला असे. उजेडासाठी व धुरासाठी साणे असे आणि पाणी पन्हाळीतून बाहेर पडे. दरवर्षी पावसाआधी माळवदावर नवी माती पसरून ती चोपली जाई. ही शाकारणीची मराठवाडी बहीण म्हणावी लागेल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मेली, ती बहुतांशी आपल्याच घरांखाली. माळवदावरील मातीचा थर कित्येक घरांत अर्धा मीटर वा त्याहून अधिक झाला होता. अर्धा मीटर मातीचे वजन प्रत्येक चौरस मीटरला आठशे किलोच्या आसपास भरते. तुलनेसाठी, चार इंची स्लॅबचे अडीचशे किलो, मंगलोरी कौलांचे पन्नास किलोच्या आसपास. हा भार पिढ्यान्‌पिढ्यांच्या देखभालीने चढला होता. दरवर्षी माती घालावयाची रीत होती, जुनी काढावयाची नव्हती.

तेव्हा देखभाल आपोआपच गुणकारी असते, असा भाबडा निष्कर्ष काढता येत नाही. देखभालीत काढणे हे घालण्याइतकेच महत्त्वाचे आहे आणि कोकणातील शाकारणीत ते अंगभूत होते. प्रत्येक कौल खाली उतरे, त्यामुळे भार साचत नसे. माळवदाच्या रीतीत हा अर्धा भागच गायब होता. दुसरी बाब दप्तरी विश्लेषणात नीट मांडलेली असूनही लोकमानसात पोहोचली नाही. अनेक घरांत आधी कोसळल्या त्या मातीत रचलेल्या, आडव्या सांधदगडांविना उभ्या केलेल्या दुपदरी दगडी भिंती. लाकडी खणांचे सांगाडे कित्येक ठिकाणी उभे राहिले. जुन्या घरांच्या बळकटीकरणासाठी तज्ज्ञांनी नंतर सुचवलेले उपाय याच आकलनातून आले होते. मातीचा थर कमी करा, लाकडी सांध्यांना तिरके आधार द्या, भिंतीचे दोन पदर एकमेकांना जोडा, अशी ती दिशा होती.

लोकांनी मात्र वेगळा धडा घेतला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत दूरगामी घटना तीच होय. दगड-माती मारते, असे मनात बसले. दुरुस्ती व बळकटीकरणाच्या अनुदानातूनही पुष्कळांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी नवी खोली बांधणे पसंत केले. पुनर्वसित ५२ गावांत काँक्रीट आले, तर इतरत्र भीतीपोटी पत्रा आला. पत्र्याखाली भूकंपात माणूस मरण्याची शक्यता फारच कमी, हे खरे आहे. एप्रिल-मे महिन्यांत त्या पत्र्याखाली बाळंतीण, म्हातारी माणसे व लहान मुले दुपार कशी काढतात, याचा हिशेब मात्र कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. भूकंप एका रात्रीत येऊन गेला, उन्हाळा दरवर्षी येतो. दोन्हींना एकाच वेळी उत्तर देणारे छप्पर, म्हणजे पातळ मातीचे, हलके, बांधीव सांगाड्याचे सुधारित माळवद, तंत्रदृष्ट्या अशक्य नव्हते. ते कोणाच्याही प्रतिष्ठेच्या कल्पनेत बसत नव्हते.

पर्यायांविषयी

लॉरी बेकर यांचे नाव या विषयात आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट ताण घेत नाही, केवळ भार होऊन राहते, हे ओळखून त्यांनी तेथे टाकाऊ मंगलोरी कौले बसवली. अशा फिलर स्लॅबमध्ये काँक्रीटची लक्षणीय बचत होते आणि उष्णताही थोडी अडते. तथापि बेकर यांच्या अनुयायांनी त्याचे जे गुणगान केले, त्यात एक मर्यादा झाकली गेली. सळई, आवरण व गंज यांचे गणित फिलर स्लॅबलाही तसेच लागू आहे आणि कौलांच्या कडेने आवरण नीट राखणे साध्या स्लॅबपेक्षा अधिक कौशल्याचे काम आहे. बेकर स्वतः बांधकामावर उभे राहत. त्यांचे रेखाचित्र नेता येते, त्यांची नजर नेता येत नाही.

उतरत्या काँक्रीट स्लॅबवर शोभेसाठी कौले चिकटवण्याची जी पद्धत गोवा व कोकणातील हॉटेले आणि बंगले यांत रूढ झाली आहे, तिच्याविषयी बरे लिहिणे कठीण आहे. कौलाखाली हवा खेळत नाही, पाणी अडकून राहते आणि कौल काढावयाचे तर फोडावे लागते. कौलारू घराचा नेमका तेवढा गुण वगळून बाकी सारे तिने उचलले आहे.

गच्चीवरील हिरवळीचे छप्पर हा महाविद्यालयीन प्रकल्पांचा आवडता विषय. उन्हाळ्यात टँकरने पाणी पिणाऱ्या जिल्ह्यात त्याचे समर्थन कसे करावयाचे, हे त्या प्रकल्पांनी सांगावे. त्यापेक्षा पांढरा चुना वा परावर्तक रंग हा साधा उपाय अधिक विचारार्ह आहे. अहमदाबादेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला व पुढे वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम त्याला जोडला. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. या उपायाचे यशही अखेर त्याच ठिकाणी येऊन थांबते. धूळ बसली की परावर्तन घटते आणि पावसाने चुना धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी कोणीतरी वर चढून तो पुन्हा लावावा लागतो.

आपल्या महाविद्यालयांच्या इमारतींकडेही याच दृष्टीने पाहावे. नॅकसाठी हरित लेखापरीक्षण होते. झाडांची संख्या, एलईडी दिवे, गांडूळखत व सौर पटले यांची नोंद होते. छपराचे वय काय, शेवटची तपासणी कधी झाली, जुलैत कोणत्या वर्गात बादल्या ठेवाव्या लागतात, ही पाने त्या अहवालात सहसा नसतात. सौर पटले बसवताना तर गच्चीला भोके पाडली जातात आणि पंचवीस वर्षांची यंत्रणा ज्या स्लॅबवर उभी राहते, त्याचे उरलेले आयुष्य कोणी मोजत नाही. स्थापत्य, रसायनशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपल्याच इमारतीच्या छपराची नोंदवही ठेवली, तर तिचे मोल कोणत्याही परिसंवादापेक्षा अधिक ठरेल.

देखभालीची तरतूद

घरकुलासाठी २०१६ च्या आराखड्यात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार व डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपयांचे अर्थसाहाय्य आणि त्यासोबत रोजगार हमीतून अनुक्रमे ९० व ९५ दिवसांची अकुशल मजुरी ठेवली होती. म्हणजे घर बांधण्याच्या श्रमाला शासनाने मोल दिले होते. ते घर वाजवी देखभालीने ३० वर्षे टिकावे असेही शासनानेच म्हटले होते. त्या तीस वर्षांतील देखभालीच्या एकाही दिवसाला मात्र त्या आराखड्यात मजुरी नव्हती. समजा, प्रत्येक घरामागे वर्षाला दोन दिवसांची मजुरी मिळाली असती. कोकणात ती शाकारणीला, मराठवाड्यात माळवदावरील माती काढण्याला, विदर्भात स्लॅबला चुना देण्याला लागली असती. तीस वर्षांत ते साठ दिवस होतात, बांधकामासाठी दिलेल्या दिवसांच्या दोन तृतीयांश. तेवढ्या तरतुदीने कौलांवर चढणाऱ्या गड्याला मे महिन्यात गावीच काम मिळाले असते आणि हाताने घडवलेल्या कौलांचे घर कच्च्या रकान्यात टाकण्याचे कारणही उरले नसते.